एका रनने जिंकणारी टीम

दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण ते काम अमेरिकेत फ्रिस्को गावी माझ्यासोबत राहणाऱ्या रूममेटइतक्या निर्मळ मनाने करणारा दुसरा कोणी भेटला नाही. तो नागपूरचा, इथे संख्याशास्त्रात पीएचडी करत होता. आम्हाला सणावारी जेवायला बोलावणाऱ्या एका काकूंनी "पुरणपोळी कशी झालीय रे?" असं विचारलं, तर हा गंभीरपणे म्हणाला, "काकू, एका पोळीवरून काही सांगता येत नाही." काकूंना ते कौतुक वाटलं. त्यांनी आणखी तीन वाढल्या, त्या संपवून त्याने "साधारण" असा निकाल दिला. पुष्कळ इंटरव्ह्यूंनंतर मला एकदाची नोकरी लागली, तेव्हा म्हणाला, "इतक्या ठिकाणी गेलास, कुठेतरी लागणारच होती." मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. पण त्या इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी माझ्या शर्टाला इस्त्री त्यानेच करून ठेवली होती, हेही सांगायला हवं.

आमच्यापासून तासाभरावरच्या एका गावात बेसबॉलची एक छोटी टीम होती. हिवाळ्यात कुरिअरची गाडी चालवणारे, शाळेत शिकवणारे लोक उन्हाळ्यात तिथे खेळत. हा प्रत्येक मॅचला वही घेऊन जायचा. टीमचा मॅनेजर म्हातारा होता, सगळे त्याला कोच म्हणत. रोज तीच वही पाहून त्याने एकदा विचारलं, "काय लिहितोस एवढं?" याने दाखवलं. कोचने वही चाळली आणि त्याला हंगामापुरतं इंटर्न म्हणून ठेवून घेतलं. इतक्या आदराने त्याचं म्हणणं ऐकणारा अमेरिकेतला तो पहिला माणूस.

त्या वर्षी टीम जुलैपर्यंत पहिल्या नंबरावर होती. गावातल्या न्हाव्याच्या दुकानावरही झेंडा लागला होता. आमच्या घरात मात्र सुतक असल्यासारखं वातावरण.

"अबे, आपण जिंकतो ते एका रनने आणि हरतो ते ढिगाने," तो मला म्हणाला. "हंगामभराचे रन मोजले, तर समोरच्यांनीच आपल्यापेक्षा जास्त काढलेत. टीम चांगली नाही, नशीबवान आहे."

"मग असू दे की नशीबवान."

"नशीब सप्टेंबरपर्यंत पुरत नाही यार."

कोचने त्याला हे सगळं लिहून द्यायला सांगितलं. काही लपवू नकोस, म्हणाला. याने चार दिवस खपून रिपोर्ट केला. कोचने तो वाचला, टोपी काढून डोकं चोळलं आणि म्हणाला, "मलाही हेच वाटत होतं." दोन चांगले पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, मागायला तो स्वतः रिपोर्ट घेऊन टीमच्या मालकाकडे गेला. मालकाने त्याच पानांतून वेगळाच अर्थ काढला. सगळं नशीबच असेल, तर भाव आहे तोवर खेळाडू विकून मोकळं व्हावं. आठवड्याभरात टीमचे दोन उत्तम बॅटर दुसऱ्या टीमांकडे गेले, आणि कोचला घरी बसायला सांगितलं.

मग टीम हरत गेली. सप्टेंबरात ती जिथे पोचेल असं रिपोर्टात होतं, जवळजवळ तिथेच पोचली. समजूत घालायची म्हणून मी म्हणालो, "तू म्हणालास तसंच झालं."

त्याने ताट बाजूला सारलं. "माझं खरं ठरलं, की मी ते खरं केलं? त्या दोघांना न विकता हाच हंगाम पुन्हा खेळवला, तरच कळेल. आणि तसं कोणी खेळवत नाही."

ऑक्टोबरात त्याने कोचची माफी मागायचं ठरवलं. गाडी मी चालवली. मुलीच्या घरामागच्या अंगणात कोच पानं गोळा करत होता. याने वाटेत पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं. कोचने शांतपणे ऐकून घेतलं, आम्हाला खुर्च्या दिल्या, कॉफी आणली.

"तुझे आकडे बरोबर होते, पोरा," तो म्हणाला. "मालकाकडे ते मी नेले, तू नाहीस." मग हसला. "पण जुलैपर्यंत काय मजा आली, नाही का? त्या पावसात थांबलेल्या मॅचला तर माझी मुलगी आनंदाने रडली होती."

याने मान डोलावली.

परतताना तो खिडकीबाहेर बघत बसला. शिव्या खायच्या तयारीने गेलेला माणूस कॉफी पिऊन परतला होता, त्याचंच त्याला लागलं असावं, असं मला वाटलं. मग हायवेला लागल्यावर तो हळूच म्हणाला, "पावसाची मॅच मी पाहिली होती. स्कोअर सांगतो तुला, कोणी किती चेंडू टाकले तेही सांगतो. पण लोक रडत होते, हे मला दिसलंच नाही."

मी गाडीचा वेग जरा कमी केला. घरी लवकर पोचावं असं आम्हा दोघांनाही वाटत नव्हतं.