रसिकाची हिरडी आणि आमची रचना

आमची रचना, माझी धाकटी बहीण, दातांची डॉक्टर आहे. आंबिवलीला स्टेशनजवळ दवाखाना. मी दहावी नापास, रिक्षा चालवतो. पण सांगून ठेवतो, वर्तकनगरच्या आमच्या अख्ख्या कॉलनीत तिच्यासारखी पोरगी झाली नाही, होणार पण नाही!

मागच्या वर्षी माझा दोस्त संदेश माझ्याच रिक्षातून तिच्याकडे आलेला. डोंबिवलीला केमिकल कंपनीत असतो. सोबत त्याची पोरगी रसिका, तेरा वर्षांची. वरच्या सुळ्याजवळ हिरडीवर लालभडक डाग, मखमलीसारखा. जरा लागलं की रक्त. आधी दोन दवाखान्यांत दात साफ करून झालेले, डाग जागचा हलला नव्हता.

"घासतच नाही नीट. आळशी!" संदेश म्हणाला.

"घासते मी!" रसिका ओरडली आणि रडायलाच लागली.

मी पण मोठेपणा केला, "अगं, दोन टाईम घासायला काय जातं तुझं?"

रचनाने माझ्यावर डोळे वटारले. मग रसिकाला म्हणाली, "उद्या तुझा ब्रश घेऊन ये."

ब्रश? कशाला?

दुसऱ्या दिवशी ब्रश आला. घेऊन महिनाच झालेला, पण केस चारी बाजूंना फाकलेले, नुसती केरसुणी. रचनाने परत तोंड बघितलं. दात चकाचक, बाकीच्या हिरड्या गुलाबी.

"संदेशदादा, ही आळशी नाही. उलट जोर लावून घासते बिचारी. घाणीने सूज आली असती तर अशी एकाच जागी नसती. हा वेगळाच प्रकार वाटतो. या वयाच्या मुलांना होतो, पण क्वचित. तुकडा काढून तपासायला लागेल."

संदेशचा चेहराच उतरला. "म्हणजे... कॅन्सर?"

"मला तसं वाटत नाही. पण नुसत्या अंदाजावर नाही सोडणार मी हिला."

इंजेक्शन देऊन तिने तो अख्खा डागच काढला. "झालं पण?" रसिका विचारते! तुकडा बाटलीतून ठाण्याच्या लॅबला गेला. आठ दिवस संदेश मला सकाळ-संध्याकाळ फोन करत होता, "आला का रे?"

रिपोर्ट आणायला मीच गेलेलो. लॅबच्या दारातूनच रचनाला फोन लावला.

"दादा, तुला कळणार नाही. फक्त वाच."

एकेक अक्षर जोडत वाचलं. ज्युवेनाइल स्पंजिओटिक जिंजायव्हल हायपरप्लेझिया. आता पाठ आहे मला, झोपेत विचारा!

"मला वाटलेलं तेच! दादा, तेच आहे!" ती एवढ्या जोरात ओरडली की फोन कानापासून लांब धरला. "कॅन्सर नाही! पोरांच्या हिरडीवर येणारी साधी वाढ आहे. संदेशदादाला सांग आधी!"

संध्याकाळी दोघं बापलेक दवाखान्यात. जखम मस्त भरत आलेली.

"परत येईल का गं हे?" संदेशने विचारलं.

"येऊ शकतं. दाखवत राहायचं. आलं तर परत काढू. पण तेव्हा पण हिला बोलायचं नाही."

संदेशने पोरीपुढे कान पकडले. "चुकलं माझं, बाळा."

"असं नाही, पप्पा," रसिका म्हणाली. "आजीला फोन लावा. ती गावभर सांगत फिरते मी आळशी म्हणून."

त्याने गुपचूप फोन लावला. रसिका म्हणाली, "स्पीकरवर."