इंदूआत्याचं वैर

इंदूआत्याला राग आला की ती कांदे चिरायला बसायची. नळदुर्गला हायवेवर आमचा धाबा आहे. हैदराबादकडे निघालेले ड्रायव्हर गाडी लावून आत येताना आधी स्वयंपाकघराच्या दारातून डोकावायचे. आत्यापुढचा ढीग लहान असला तर दोन गप्पा मारायचे, मोठा असला तर गुमान जेवून निघायचे. कुणी पिऊन दंगा केला तरी तिचा आवाज चढत नसे. "जेवलास न्हवं? आता ऊठ. पुन्हा हितं गाडी थांबवू नगंस," एवढंच म्हणायची. तो माणूस दोन वर्षांनी आला तरी त्याला पाण्याचा तांब्या मिळत नसे. "आत्या, सोडा की आता," मी म्हणायचे. "म्या कुठं धरून ठिवलंय त्याला? हायवेला दुसरे धाबे लई हायत."

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत नवरा अपघातात गेला आणि तान्ह्या सागरला घेऊन ती माहेरी परतली. आजोबांनी तिला कोपऱ्यात बसू दिलं नाही, थेट धाब्याच्या गल्ल्यावर बसवलं. तिनं धाबा वाढवला, स्वतःच्या नावावर ट्रक घेतले. माझी आई मी लहान असतानाच वारली, तेव्हा सागरच्या जोडीनं तिनं मलाही वाढवलं. वडील, म्हणजे अण्णा, यांचा जीव क्रिकेटात. धाब्यामागच्या माळावर आजोबांनी त्यांना मैदान करून दिलं होतं. जाण्याआधी आजोबांनी आत्या आणि अण्णा दोघांना समोर बसवून सांगितलं, "धाबा इंदूनं बघायचा, मैदान वसंतानं. एकमेकाच्या ताटात हात घालू नका." कागदोपत्री मात्र धाबा अण्णांच्याच नावावर राहिला. आजोबांना वाटलं, शब्द पुरेसा आहे.

पुढे अण्णांनी सोलापूरच्या दोन भागीदारांसोबत एका व्यावसायिक लीगमधला संघ घेतला. सागर तोवर चांगला डावखुरा वेगवान गोलंदाज झाला होता, तो मामाच्याच संघातून खेळू लागला. पाठीवर नाव असलेली त्याची जर्सी आत्यानं गल्ल्यामागच्या भिंतीवर लावली होती. पण संघाचा खर्च अण्णांना झेपेना. ट्रक विकून दे म्हणून ते आत्याच्या मागं लागले. "तुजा खेळ हाय, तुज्या दमावर खेळ," असं सांगून ती उठून गेली. मग अण्णांनी सट्टेवाल्यांशी हातमिळवणी केली.

एका सामन्याच्या आधी आत्या गाडीच्या कामाला सोलापूरला गेलेली असताना अण्णांनी सागरला धाब्याच्या मागच्या दारी गाठलं. आमचे आचारी रसूलचाचा भट्टीपाशी होते. पुढे सगळं त्यांच्याच तोंडून कळलं.

"तुज्या दुसऱ्या ओव्हरमधी दोन नो-बॉल पडले पायजेत," अण्णा म्हणाले.

"मामा, माज्याच्यानं हुयाचं न्हाय."

"मग बस घरी. आन् तुजी आई ह्या धाब्यावर किती दिस ऱ्हाती, तेबी बघतो म्या."

सागरनं दोन्ही नो-बॉल टाकले. पाय रेषेच्या इतका पुढं पडला की टीव्हीवरचे समालोचकसुद्धा हसले. चौकशी लागली. अण्णांनी लीगच्या समितीपुढं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, भाच्यानं परस्पर हा धंदा केला, मामा म्हणून मला तोंड दाखवायची लाज वाटते. सागरवर बंदी आली. त्याच आठवड्यात अण्णांनी भावकी गोळा केली. "जिच्या पोरानं घराण्याच्या तोंडाला काळं फासलं, तिच्या हातात गल्ला कसा ठिवायचा?" भावकीनं माना डोलावल्या.

त्या दिवशी आत्या कांदे चिरायला बसली नाही. कमरेची किल्ली काढून तिनं अण्णांच्या पुढ्यात ठेवली. "वसंता, धाबा नेलास ते म्या इसरंन. माजं पोरगं इकलंस, ते न्हाय."

किल्ल्याकडच्या बाजूला दोन खोल्या भाड्यानं घेऊन ती सागरला घेऊन राहू लागली. मी कॉलेज सुटलं की तिकडंच जायचे. सागर दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा. वकिलानं सांगितलं होतं, पाय घसरला म्हणा, पहिलीच चूक आहे, बंदी वर्षा-दोन वर्षांवर येईल. अण्णांचाही निरोप आला, पोरानं तोंड मिटून ठेवलं तर मी त्याला परत संघात घेतो. निरोप घेऊन आलेल्या माणसाला आत्यानं चहा दिला, तो पिऊन होईपर्यंत ती थांबली आणि म्हणाली, "वसंताला सांगा, अक्काला निरोप पोचला."

तो गेल्यावर ती सागरशेजारी बसली. "समितीपुढं खरं सांगायचं. नो-बॉल मुद्दाम टाकले, मामानं सांगितलं म्हणून टाकले."

सागर उठून बसला. "आई, आसं सांगितलं तर म्या कायमचा भाईर जातो."

"व्हय."

"मग?"

"मग त्योबी जातो."

"खेळ सुटला तर माज्याकडं काय ऱ्हातंय?"

आत्यानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. आवाज मात्र मऊ केला नाही. "त्याच्या मेहेरबानीवर खेळशील, तर जल्मभर त्यो म्हणंल तवा पाय फुडं टाकशील. तुजं तू ठरीव. म्या आडवणार न्हाय."

दोन दिवस सागर जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं दाढी केली आणि आईला म्हणाला, "चल."

त्या सामन्यानंतरचं अण्णांचं सट्टेवाल्यांशी फोनवरचं बोलणं मी स्वतः ऐकलं होतं. मी म्हणाले, "आत्या, मीपण जबाब देते." तिनं माझा हात इतका घट्ट धरला की दुखला. "न्हाय. पोरीला बापाच्या म्होरं हुबं करायची न्हाय. वैर माजं हाय." रसूलचाचांकडं मात्र ती गेली. ते अजून अण्णांच्याच पगारावर होते. "रसूलभाई, कानांनी ऐकलं तेवढंच सांगा. माज्यासाठी एक शबूद वाढवू नगा." चाचांनी भट्टी विझवली, एप्रन खुंटीला अडकवला आणि तिच्याबरोबर निघाले.

सागर आणि अण्णा, दोघांवरही आजन्म बंदी आली. संघ काढून घेतला गेला, पोलिसात गुन्हा दाखल झाला, भागीदारांनी हात वर केले. निकालाच्या दिवशी अण्णा समितीच्या कार्यालयाच्या पायऱ्या उतरत होते. आत्या खाली उभी होती.

"अक्का, सख्ख्या भावाला बुडवलंस."

"व्हय," आत्या म्हणाली. "नीट बुडालास का, ते बघाया आले."

खरं सांगते, ते ऐकून मला अण्णांची कीव आली. आणि त्याच क्षणी मला बरंही वाटलं.

खटल्यापायी अण्णांना धाबा विकायला काढावा लागला. घेणारी आत्याच निघाली. भावाच्या संघासाठी न विकलेले ट्रक तिनं आता विकले. फक्त एक ठेवला, सागरसाठी. सागर आजही त्या गाडीचं बघतो. टीव्हीवर सामना लागला की उठून बाहेर जातो. आत्याला ते दिसायचं. ती कधी काही बोलली नाही, पण त्या दिवशी तिच्यापुढचा कांद्याचा ढीग मोठा असायचा.

अण्णांना जायला दुसरी जागा नव्हती. दोन्ही वेळा ते धाब्यावर जेवायला येत. आत्यानं त्यांना कधी हाकललं नाही की पैसेही घेतले नाहीत. पण नावही घेतलं नाही. वाढप्याला सांगायची, "त्या गिऱ्हाइकाला भाकरी बघ." सख्ख्या भावाला ती गिऱ्हाईक म्हणायची. त्यापेक्षा तिनं चारचौघांत त्यांना मारलं असतं तर बरं, असं मला वाटायचं. मी एकदा म्हणाले, "आत्या, आता माफ करा." ती म्हणाली, "माफी देवाकडं मागायला सांग त्याला. देवाला येळ हाय."

एका भाऊबीजेला अण्णा धुतलेला सदरा घालून, हातात साडीचा डबा घेऊन अंगणात येऊन बसले. अंधार पडल्यावर आत्या ताट घेऊन बाहेर आली. निरांजन, सुपारी, करदोडा, सगळं होतं. अण्णांनी टोपी सारखी केली. आत्या त्यांच्यासमोरून पुढं गेली, अंगणाच्या टोकाला थांबली आणि बीजेच्या चंद्राकडं बघत तिनं शांतपणे तीनदा ताट ओवाळलं. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. मग आत येऊन म्हणाली, "पोरी, ताटं घे."

गेल्या वर्षी आत्याला अर्धांगाचा झटका आला. सोलापूरच्या दवाखान्यात शेवटचे दिवस मी आणि सागर तिच्याजवळ होतो. वाचा थोडी शाबूत होती. सागरशी बोलली, माझ्याशी बोलली, रसूलचाचांच्या गुडघ्यांची चौकशी केली, भट्टीची जाळी बदलायला सांगितली. अण्णा बाहेर व्हरांड्यात बाकावर बसून असत. आत या, असं त्यांना कुणी म्हटलं नाही, आणि ते आपणहून आले नाहीत.

ती गेल्यावर, सगळं उरकून आम्ही घरी परतलो तेव्हा अण्णांनी मला दारातच थांबवलं.

"शेवटी माज्याबद्दल काय म्हणली का गं अक्का?"

"न्हाय, अण्णा."

"कायच न्हाय?" त्यांचा आवाज फाटला. "एखादी शिवी तरी दिली आसंल की."

खोटं बोलायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी आत्याचीच पोर. मी म्हणाले, "न्हाय दिली."