दावं कोणी बांधलं?

तेलंगणातल्या, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या तलमडुगु भागातली ती बैलचोरी माझ्या मनातून आजही जात नाही. तेव्हा मी ठाण्याचा सब-इन्स्पेक्टर होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच एक शेतकरी फिर्याद घेऊन आला. गोठ्यातली बैलजोडी गेली होती. दावं कापलेलं नव्हतं, गाठ व्यवस्थित सोडलेली होती. तो बसलेला असतानाच खबऱ्याचा फोन आला, की याचाच सालगडी बाजारात बैलांचे भाव विचारत फिरत होता. झालं, गड्याला ठाण्यात आणलं.

चौकशीत तो एकच सांगत राहिला, "साहेब, मले मालकाच्या पुतण्यानं धाडलं होतं भाव इचाराले." अडकलेला माणूस आधी दुसऱ्याचं नाव घेतो, हा आमचा नेहमीचा अनुभव. मी तिकडे कानाडोळा केला.

ठाण्याची लिखापढी बघणारा हवालदार, आमचा रायटर, कामाला पक्का. त्याने तेलुगूत फिर्याद लिहिली, स्वतःच दोनदा वाचली आणि सहीसाठी पुढे सरकवली. शेतकरी आमच्या, बोथ गावाकडच्या मराठी बोलणाऱ्या महिला कॉन्स्टेबलला म्हणाला, "बाई, मले मराठीत सांगा, मंग सही करतो."

ती एकेक वाक्य सांगू लागली. "संध्याकाळी सालगड्यानं बैल बांधले..."

"थांबा! गड्यानं नाही, म्या बांधले. पोळ्याच्या दिवशी आमी गड्याले कामाले लावत नाही. जेवू घालून घरी धाडलं होतं त्याले. अन माह्या हातची गाठ त्याले सुटतच नाही. ती फक्त घरच्याले..."

भाऊ गेल्यावर ज्या पुतण्याला त्याने मुलासारखं वाढवलं, त्याचंच नाव आता येणार होतं.

रायटरचा चेहरा उतरला. बैल रोज गडीच बांधतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. हाताने तेच लिहिलं आणि डोळ्यांनीही तेच वाचलं.

"काय लिहायचं?" मी शेतकऱ्याला विचारलं. आहे त्यावर सही केली असती तर गडी आत गेला असता आणि घरचं झाकलं गेलं असतं.

"जे झालं तेच लिहा," तो म्हणाला. "गड्याच्या बायकोले म्या काय तोंड दाखवू?"

पुतण्याने फारसे आढेवेढे न घेता कबुली दिली. बैल सीमेपलीकडच्या एका गावात मिळाले.

त्यानंतर माझ्या ठाण्यात ज्याने लिहिलं त्यानेच तपासायचं, ही पद्धत बंद झाली. लिहिणारा कागद वाचत नाही, आपल्या मनातलं वाचतो. रायटरने हे मोकळेपणाने मान्य केलं आणि पुढे प्रत्येक जबाब तो आपणहून त्या कॉन्स्टेबलकडे द्यायचा. त्या दोघांनी मला किती वेळा वाचवलं असेल, देव जाणे. पण सगळ्यात मोठं ऋण त्या शेतकऱ्याचं. आमची चूक सुधारताना त्याने स्वतःचा पुतण्या पोलिसांच्या हाती दिला, आणि परत जाताना गड्याला सोबत घेऊन गेला.