अंधेरीच्या चौथ्या मजल्यावरचं जहाज

जहाजाच्या बुडाला कालवं चिकटतात, तसे आमच्या ऑफिसला किस्से चिकटलेत. मुद्दाम कुणी लावत नाही. एक दिवस बघावं तर थर जमलेला! मी फारशी बोलत नाही, त्यामुळे सगळ्यांना वाटतं मी ऐकतही नाही. म्हणून सगळ्यात जास्त माल माझ्याकडे.

आधी ऑफिस सांगते. खोल समुद्राच्या तळाशी बटाट्याएवढे काळे गोटे पडलेले असतात, आत धातू. ते उपसायला वर जहाज आणि खाली काही किलोमीटर लांब पाइप. एवढ्या खोलीत नांगर टाकून भागत नाही. मग कॉम्प्युटर जहाजाखालचे पंखे सतत फिरवत राहतो आणि जहाज जागच्या जागी धरतो. जहाज सरकलं की पाइपची वाट लागली! हे काम शिकवायला आम्ही अंधेरीत, चौथ्या मजल्यावर, एक खोटं जहाज थाटलंय. बटणं खरी, समुद्र पडद्यावर.

यंदा एका खऱ्या जहाजाच्या चाचणीला आमच्यातले दोघं जाणार होते. महिनाभर. एक आमचे साहेब, कॅप्टन सर. दुसरं नाव ठरायचं होतं. मला जायचं होतं. लग्नाला चार महिने झाले होते, आणि घरी मी चकार शब्द काढला नव्हता.

*

वीस वर्षं समुद्रावर काढलेले एक अधिकारी शिकायला आले. सरांनी पडद्यावर वादळ लावलं. आमची फरशी हलत नाही हं, फक्त चित्र हलतं. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी भिंत धरली. पाचव्या मिनिटाला बादली.

ओकले! चौथ्या मजल्यावर!

तोंड पुसत म्हणाले, "जे समुद्राला जमलं नाही, ते तुमच्या फरशीनं करून दाखवलं!"

*

यंत्रणा चालू केली की पहिला अर्धा तास तिला छेडायचं नसतं. वारा कुठून, प्रवाह कुठून, हे ती तेवढ्या वेळात शिकते. माझ्या शेजारच्या टेबलवरच्या निनादला दम कुठला! पाचव्या मिनिटाला त्यानं जहाज गोल फिरवायला घेतलं.

सर कडाडले, "अरे, नव्या सुनेला पहिल्याच दिवशी उकडीचे मोदक करायला लावतोस का?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "लावले होते, सर. एकवीस."

निनादनं बटणावरचा हात काढला.

*

एकदा जॉयस्टिकवर हातानं जहाज सांभाळायचा सराव होता. वारा शून्य, प्रवाह शून्य, आणि जहाज आपलं डावीकडे निघालंय! अलार्म ठणाणा. आम्ही प्रोग्राम उघडून ओळ न् ओळ तपासली. तोवर पडद्यावर पाइप तुटलासुद्धा.

शेवटी सरांनी जॉयस्टिकवर टेकलेली पिशवी उचलली. निनादचा डबा!

रिपोर्टात निनादनं कारण लिहिलं, 'मानवी चूक'. सरांनी ते खोडून लिहिलं, 'भेंडीची भाजी'.

*

हा घरचा, पण ऑफिसमुळेच घडलेला. आम्ही बोरिवलीला राहतो. सासूबाई मालवणकडच्या. एकदा खोबरं किसता किसता त्यांनी विचारलं, "नांगर नाय, तर तुझी बोट रवता कशी गो?"

मी सांगितलं, "आई, खालचे पंखे सारखे थोडे इकडे, थोडे तिकडे ढकलत असतात. क्षणभरही थांबत नाहीत. वरून बघणाऱ्याला मात्र जहाज नुसतं उभं दिसतं."

"म्हणजे दिवसभर राबायचा, आणि लोकांका वाटता काय, तर ही नुसती उभी आसा." त्यांनी खोबरं ताटलीत झटकलं. "कळला. बाईचा काम."

तीन वर्षं मी हे मोठमोठ्या लोकांना शिकवतेय. इतकं सोपं मला जमलेलं नाही!

*

आता ऐका. खरं जहाज चाचणीआधी किनाऱ्याजवळ छोटी फेरी मारून आलं. त्याची नोंद आम्ही पडद्यावर चालवून बघत होतो. जहाज कुठे आहे हे तीन यंत्रं सांगतात. दोन उपग्रहावरून, एक समुद्राच्या तळावरून. तिघांत मतभेद झाला की नियम साधा. दोघांचं जुळलं, तिसरा बाद!

तळाचं यंत्र नऊ मीटर वेगळं सांगत होतं. निनाद म्हणाला, "दोन विरुद्ध एक. तळवाल्याला काढा." सरांनीही मान हलवली.

मी म्हटलं, "ती दोन यंत्रं एकदम अडखळतात."

कुणी ऐकलं नाही. मी परत म्हटलं, "सर, दोन वेगळी माणसं एकाच क्षणी शिंकतात का? प्रत्येक वेळी?"

सरांनी जहाजावर फोन लावला. अर्ध्या तासानं उत्तर आलं. बसवणाऱ्याला दुसरी वायर पुरली नव्हती, म्हणून त्यानं एकाच अँटेनाची वायर दोन्ही यंत्रांना वाटून दिली होती! दोघं मिळून एकच चूक करत होते, आणि खरं बोलणाऱ्याला आम्ही बाहेर काढत होतो. खाली पाइप असता तर?

सर खुर्चीत बसले. पाणी प्यायले. मग यादीत दुसरं नाव लिहिलं. माझं.

निनाद म्हणाला, "यार, तू बोलतेस पण?"

संध्याकाळी हे सगळं मी आईंना सांगितलं, यादी सोडून. त्या बांगडे साफ करत होत्या. फक्त "हूं" म्हणाल्या.

*

रविवारी जेवताना मी शेवटी सांगून टाकलं. महिनाभर. समुद्रात. मला जायचंय.

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "चार म्हयन्यांची सून दर्यात? जमाचा नाय."

मी समीरकडे बघितलं. माझा नवरा. त्यानं वडलांकडे बघितलं, मग ताटाकडे. "बाबा म्हणतात ते बरोबर आहे गं. पुढच्या वर्षी बघू ना."

"झाला तर मग," सासरे म्हणाले. "दोघांचा एकमत. विषय संपलो."

आणि बापलेकांनी एकाच क्षणी सोलकढीची वाटी उचलली. एकाच क्षणी तोंडाला लावली. एकाच क्षणी ठेवली.

आईंनी ते बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आमटीचा डाव पातेल्यात परत टाकला.

"दोघां खंयची? अँटेना एकच आसा! समीर, ऊठ. माळ्यावरची बॅग काढ."