क्लॅरिनेटच्या वाटणीचं पाणी

माझ्या लग्नात नवरदेव मी होतो, पण वऱ्हाड बघत होतं बँडच्या मास्तरांकडे. घोड्यावर बसून मीही त्यांच्याकडेच बघत होतो. त्यांचं क्लॅरिनेट सुरू झालं की घोडासुद्धा पाऊल उचलायला विसरायचा. पुढे मास्तर गेले आणि साखर कारखान्याने त्यांचं माजलगावकडचं दोन खोल्यांचं घर वाद्यासकट स्मारक म्हणून जतन केलं. दुष्काळाच्या साली, ऐन चैत्रात, मी ते बघायला गेलो.

दार मास्तरांच्या पत्नीने उघडलं. पुढच्या खोलीत स्मारक, मागच्या खोलीत त्या. खुंटीवर बँडचा लाल कोट, भिंतीवर फेट्यातला फोटो आणि काचेच्या कपाटात क्लॅरिनेट. मी कोटाला नमस्कार केला, फोटोसमोर मिशीला पीळ दिला, माझी वरात कशी अडली होती तेही नाचून दाखवलं. बाई हसल्या. पाणी मात्र विचारलं नाही. आमच्याकडे वैऱ्यालाही आधी तांब्या देतात. तेवढ्यात कपाटात, क्लॅरिनेटशेजारी, पाण्याने भरलेलं फुलपात्र दिसलं.

"वा मावशी," मी म्हणालो, "वाद्याला पाणी आणि पाहुणा कोरडाच?"

त्यांनी एकदा कपाटाकडे पाहिलं. मग कमरेची किल्ली काढून त्यांनी कपाट उघडलं आणि फुलपात्र माझ्या हातात दिलं. मी मुजरा केला आणि एका दमात संपवलं. पाणी कोमट होतं.

"अजून आहे का?"

"न्हाई दादा. टँकर चार दिस आला न्हाई. व्हतं तेवढं हेच."

"मग हे कपाटात कशाला ठेवलं होतं?"

"लाकूड वाळलं की चिरतं. जवळ पाणी असलं की ऱ्हातं. उनाळ्यात मालक तसंच करायचे."

त्यांचा मुलगा ऊसतोडीला गेला होता. परळीचा एक बँड त्याला घ्यायला तयार होता, पण वाद्य त्याने स्वतःचं आणायचं. कारखान्याच्या संचालकांनी सांगितलं होतं, हंगाम संपवून ये, वाजवून दाखव; वाजलं तर घेऊन जा, चिरलं असलं तर ते स्मारकातच राहील.

"चिरलं तर हायेच त्याचा कोयता," त्या म्हणाल्या.

"आणि तरी मला दिलंत?"

"मागितलं की तुमी."

मी कपाटात वाकून पाहिलं. नळीच्या खालच्या अंगाला केसाएवढी एक रेघ होती.

"ही कधीची?"

"परवाची. नखाएवढी व्हती. आता बोटभर झाली."

त्यांनी क्लॅरिनेट बाहेर काढून पदरावर घेतलं आणि आरशावर टाकतात तशी त्या रेघेवर तोंडाची वाफ टाकू लागल्या. त्यांचे ओठ फुटले होते. मध्येच थांबून गिळत होत्या, पण गिळायला तोंडात काही नव्हतं. माझी मिशी अजून ओली होती. ती पुसायचीही मला लाज वाटली.