सोमलवाले अण्णा

आमचे अण्णा रेल्वेच्या डब्यात बसले की थोड्याच वेळात आजूबाजूचे बाक रिकामे व्हायचे. त्यांच्या अंगाला लसणाचा असा उग्र वास यायचा की बायका नाकाला पदर लावायच्या. आमच्या गावी, पिंगळीच्या स्टेशनावर उतरताना ते हसत मला म्हणायचे, "मला कसं ऐसपैस बसाया मिळतं बघ!" हा वास खाण्यातला नव्हता, सोमलाचा, म्हणजे आर्सेनिक या जहाल विषाचा होता. अण्णा हैदराबादला निजामाच्या विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्रोफेसर होते. सोमल कार्बनशी जोडून नवे पदार्थ तयार करणं, हे त्यांचं संशोधन. तिथली मुलं पाठीमागं त्यांना 'लहसुन साब' म्हणत. ते अण्णांना ठाऊक होतं, आणि त्याचं त्यांना हसूच यायचं.

मी त्यांची धाकटी बहीण. नवरा वारल्यावर माहेरी परत आले होते. सुट्टीत अण्णा आले की ओसरीवर बसून मला आपली विद्या समजावून सांगत. वर्गात उर्दू, कागदावर इंग्रजी, पण माझ्याशी बोलताना अस्सल पिंगळीची भाषा. "सोमल एकटा आसला की मारतो," ते म्हणत. "त्याला जोडीदार बरा मिळाला तर त्योच औषध व्हतो. मी त्याचा जोडीदार हुडकायलोय." आई आतून म्हणायची, "सोमलाची सोयरीक जुळवायलास, तुझी कवा जुळवावी?" ती सोयरीक कधी जुळली नाही.

आमचे वडील आमांशानं गेले होते. पोटातले जंतू मरावेत आणि माणूस मात्र वाचावा, असा पदार्थ अण्णांना हवा होता. एक पदार्थ फार जहाल निघायचा, दुसरा अगदीच निकामी. या खटपटीत त्यांच्या बोटांची टोकं बधिर झाली. चहाचा कढत पेला ते तसाच हातात धरून ठेवत, मीच पुढं होऊन काढून घ्यायची.

निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष आलं. शहरात वर्ग बंद पडले, तेव्हा अण्णा आपल्या बाटल्यांची पेटी घेऊन गावी आले. काम आता अगदी काठाला आलं होतं. पण मुलूख पेटला होता. आमच्या चुलत घरातल्या बापूरावचा धाकटा भाऊ निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळीनं केलेल्या जाळपोळीत मारला गेला. आठवडाभरात बापूराव दोघा सोबत्यांना घेऊन आमच्या ओसरीवर आला.

"अण्णा, तुमच्याजवळ सोमल हाय. त्या लोकांच्या तळावर एकच हीर हाय. तुमी फकस्त बाटली द्या."

अण्णांनी बापूरावला जवळ बसवलं. मग म्हणाले, "बापू, तुजं दुख खरं हाय. पर त्या हिरीवर कोण कोण पाणी पितं, तुला ठावं हाय का? मी न्हाई देणार."

"निजामाची भाकर खाल्ली तुमी! तुमी कशाला द्याल?" बापूराव ओरडला आणि निघून गेला. त्या दिवसापासून गावानं आमच्या घरची पायरी चढणं सोडलं.

पेटी चोरीला गेली तर? या विचारानं अण्णांना घास गोड लागेना. शेवटी भर दुपारी त्यांनी गावाबाहेरच्या माळावर, पाण्यापासून लांब, खोल खड्डा खणला आणि चुना घालून सगळं त्यात पुरून टाकलं.

"औषधाचं तरी ठेवायचं हुतं, अण्णा," मी म्हटलं.

"इषाची आन् औषधाची आई एकच हाय, सोने. एकाला ठिवून दुसऱ्याला कसं गाडू?" एवढं बोलून ते तिथंच मातीत बसले. एवढ्या वर्षांचं काम संपलं होतं.

निजामाचं राज्य गेलं, विद्यापीठ उघडलं, अण्णा हैदराबादला निघाले. "आता तिथं काय करणार?" मी विचारलं. "पोरं हायत की. शिकवीन." पुढं निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेच केलं. सोमलाला पुन्हा हात लावला नाही.

ते हैदराबादला निघाले त्या दिवशी स्टेशनावर पोचवायला मी एकटीच होते. गाडी दिसू लागली तेवढ्यात बापूरावची आई धापा टाकत आली. तिनं भाकरीचं गाठोडं अण्णांच्या हातात ठेवलं.

"माजा एक लेक त्यांनी मारला," ती म्हणाली. "दुसरा तू वाचीवलास. त्यो अजून माणसात हाय."

अण्णांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. गाडी येऊन थांबली, तरी त्यांना उठता येईना.