उस्तादांचा निकाल

इंजिन उघडलं की आधी काजळी निघते आणि मागून किस्सा. काजळी डिझेलनं धुऊन जाते. किस्से मात्र साचत राहतात, आणि चहाच्या वेळेला तेच कामाला येतात.

लातूरला नांदेड रोडवर खलीलउस्तादांचं इंजिनकामाचं वर्कशॉप आहे. आयटीआय करून मी तिथं लागले, त्याला सहा वर्षं झाली. खोललेले पार्ट धुणं, मापणं, तपासणं माझ्याकडं. पण कुठला पार्ट परत बसवायचा आणि कुठला भंगारात टाकायचा, हा निकाल फक्त उस्तादांचा. मी काहीही सांगितलं तरी ते पुन्हा स्वतः बघणार. एकदा तरी माझा शब्द शेवटचा ठरावा, एवढीच माझी हौस होती.

* * *

भोकरहून एक गृहस्थ आले. मी मायक्रोमीटर घेऊन क्रँकवर वाकलेली. "मिस्त्री कुठायत?" म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता स्टुलावर बसलेल्या माणसाला ट्रॅक्टरचं सगळं दुखणं सांगायला लागले. धूर, ऑइल, चढावर लागणारा दम. त्या माणसानं दहा मिनिटं मन लावून ऐकलं.

"मला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यासारख्या वाटून राहिल्या," तो उठत म्हणाला. "पण ताईला इचारा. मी चहावाला हाय."

* * *

देगलूरचा ट्रॅक्टरवाला नरसिमलू मराठीत सुरू होतो आणि तेलुगूत संपतो. म्हणून इंजिनचा आवाज तो तोंडानंच काढून दाखवतो. खट-खट-खट. उस्ताद डोळे मिटून ऐकत होते.

"जरा रेस दे," ते म्हणाले.

नरसिमलूनं रेस दिली.

"बस, बंद कर. बेअरिंग."

उघडलं तर बेअरिंगच झिजलेलं! मला हेवा वाटला. आम्ही मापं घेत बसायचं आणि हे नुसतं ऐकून सांगणार.

* * *

चाकूरच्या एका किराणा दुकानदाराच्या पिकअपच्या इंजिनच्या हेडला, म्हणजे वरच्या झाकणाला, मला बारीक भेग दिसली. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. नवा हेड म्हटल्यावर अप्पांना घाम फुटला.

"ताई, ती भेग न्हाई, केस हाय. तुमचाच पडला असंल."

मी हेडला रॉकेल लावलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड टाकली. थोड्या वेळानं पांढऱ्या पुडीत ओली रेघ उमटली. अप्पा बराच वेळ वाकून बघत राहिले.

"मंग," ते म्हणाले, "केस लई खोल गेलाय."

त्यानंतर उस्तादांनी पुन्हा रॉकेल लावलं, पुन्हा खडू टाकला आणि "भेग हाय" असं जाहीर केलं. मला राग आला, खरं सांगते.

* * *

एकदा मी हट्टालाच पेटले. क्रँकचा गोल दांडा एका जागी अंडाकृती झिजलाय, असं माझं माप सांगत होतं. उस्तादांनी अंगठा फिरवला. "गोल हाय. तुझ्या मायक्रोमीटरला चष्मा लाव."

दोन दिवस आमचं बोलणं बंद. शेवटी क्रँक ग्राइंडिंगवाल्याकडं गेला. त्यानं मापून कळवलं, अंडाकृतीच आहे.

उस्ताद सगळ्यांसमोर म्हणाले, "मी तर परवाच म्हनलो होतो."

* * *

मग उस्तादांची स्वतःची जीप निळा धूर सोडायला लागली. तिचं इंजिन सहाच महिन्यांपूर्वी त्यांनी एकट्यानं बांधलेलं, दुसऱ्या कुणाला पानासुद्धा लावू दिला नव्हता. तेव्हापासून ते ऑइलला शिव्या देत होते. एका सकाळी त्यांनी गुपचूप जीप आत लावली.

"बेटी, तू खोल. डॉक्टर घरच्या मानसाचं ऑपरेशन करत न्हाई. तू म्हनशील तो निकाल. मी बघनार न्हाई."

आनंदानं मी एकेक पार्ट चार-चारदा पुसला. लायनर चांगले, पिस्टन चांगले. पिस्टनवरच्या, वरून दुसऱ्या रिंगेपाशी मात्र हात थांबला. रिंगेवर वरच्या बाजूची खूण असते. चारही पिस्टनवर ती खाली तोंड करून बसलेली. अशी रिंग ऑइल खाली खरवडायच्या ऐवजी वर ढकलते, तोच हा निळा धूर.

झिजल्यात म्हणून सांगावं, असं मनात येऊन गेलं. सगळ्यांचंच भागलं असतं. पण असला निकाल द्यायला मी सहा वर्षं थांबले नव्हते.

"बोल," उस्ताद म्हणाले.

"रिंगा उलट्या बसवल्यात, उस्ताद. चारही."

"उलट्या? कोन्या गाढवानं..."

ते मध्येच थांबले. वर्कशॉपमधलं कुणी वर बघेना. उस्तादांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. रिंगा बघायला मात्र आले नाहीत. मग दाराकडं तोंड करून त्यांनी हाक दिली.

"दोन स्पेशल चहा आन रे. एक बेटीला."

वळून म्हणाले, "अन् एक त्या गाढवाला."